सकाळी टॉवर, संध्याकाळी टेकडी: भाषण बदलायचं तरी किती?

या वेळी भाषणांबद्दलचीच पत्रं जास्त आलीत, त्यातली चार घेतेय. पहिलं उत्तर लांबलंय, कारण प्रश्न तसाच आहे आणि थोड्याफार फरकाने तोच इतरांनीही विचारलाय.

प्रश्न: ताई, मी आमच्या वॉर्डातल्या एका उमेदवार बाईंसाठी भाषणं लिहून देतो. पगार वगैरे काही नाही, ओळखीतून काम अंगावर आलंय. आमचा एरिया भांडुपचा, एका बाजूला एलबीएस रोडवरचे नवे टॉवर, दुसऱ्या बाजूला टेकडीवरच्या चाळी आणि झोपड्या, मधे स्टेशन रोड आणि तिथले फेरीवाले. एकाच दिवसात तिन्हीकडे बोलायचं असतं. टॉवरवाल्यांना फुटपाथ मोकळे हवेत, फेरीवाल्यांना धंदा हवा, टेकडीवाल्यांना पाणी. आमचे एक सीनियर कार्यकर्ते म्हणतात, "जिथे जे खपतं ते बोलायचं, लोकांच्या लक्षात राहत नाही." त्यांनी सांगितलं म्हणून मी टॉवरच्या भाषणात "सहा महिन्यांत या रोडवर एकही फेरीवाला दिसणार नाही" असं लिहिलं आणि त्याच संध्याकाळी स्टेशन रोडला "कुणाच्याही गाडीला हात लावू देणार नाही". बाई तसंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही व्हिडिओ एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर. मग आता सगळीकडे एकच भाषण करायचं का? क्लबहाउसमधलं भाषण टेकडीवर केलं तर लोक उठून जातील हो. समोरच्याप्रमाणे बोलणं आणि समोरच्याला खूश करायला बोलणं, यात रेघ कुठे मारायची?
— एक कार्यकर्ता, भांडुप

उत्तर: आधी तुमची एक भीती काढून टाकते. सगळीकडे एकच भाषण करणं म्हणजे प्रामाणिकपणा असं अजिबात नाही. ज्या बाईला पहाटे उठून नळाखाली हंडे लावायला लागतात तिला क्लबहाउसमधलं पार्किंगचं भाषण ऐकवणं म्हणजे तिचा वेळ खाणं, तिचा दिवस कसा जातो हे माहीत करून न घेताच तिच्यासमोर उभं राहणं. तेव्हा भाषण बदलायचंच. भाषा बदला, कुठल्या मुद्द्याने सुरुवात करायची ते बदला, उदाहरणं बदला, कुठे किती खोलात शिरायचं ते बदला, लोकांकडून काय मागायचं तेही बदला. बदलायचं नाही ते एवढंच की निवडून आल्यावर बाई नेमकं काय करणार आणि त्याचा त्रास किंवा खर्च कुणाच्या वाट्याला येणार. या दोन गोष्टी क्लबहाउसमध्ये एक आणि स्टेशन रोडला दुसऱ्या झाल्या की रेघ ओलांडली, मग शब्द कितीही गोड असू देत.

आपल्या मुंबईतच याचं फार मोठं उदाहरण आहे आणि ते भाषणं लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं मला मनापासून वाटतं. 8 ऑगस्ट 1942, गवालिया टँक, म्हणजे आत्ताचं ऑगस्ट क्रांती मैदान. 'करेंगे या मरेंगे' सगळ्यांना माहीत असतं, पण त्या रात्री गांधीजी आधी हिंदुस्तानीत बोलले आणि नंतर इंग्रजीत, आणि हिंदुस्तानी भाषणात त्यांनी पत्रकार, संस्थानिक, सरकारी नोकर, सैनिक, विद्यार्थी अशा एकेका गटाला वेगवेगळं सांगितलं. सरकारी नोकरांना म्हणाले की लगेच राजीनामा द्यायची गरज नाही पण आपण काँग्रेसचे आहोत हे उघड सांगा, आणि त्यासाठी दाखला कुणाचा दिला तर न्यायमूर्ती रानड्यांचा. सैनिकांनाही नोकरी सोडा म्हणाले नाहीत, आपल्याच लोकांवर गोळी चालवणार नाही एवढं सांगा म्हणाले. बघा, प्रत्येकाला त्याला झेपेल असं वेगळं काम दिलंय, पण सगळं एकाच मंचावरून, सगळ्यांच्या देखत, सैनिकाला काय सांगितलं ते संस्थानिकालाही कळतंय. आणि त्या अधिवेशनात ऐकणारी माणसं केवढी तापलेली असतील, तरी त्यांना हेही ऐकवलं की आपलं भांडण इंग्रज माणसांशी नाही, त्यांच्या साम्राज्याशी आहे, मनातला द्वेष काढून टाका. टाळ्यांसाठी बोलणारा माणूस तिथे तरी हे बोलला नसता.

आता तुमच्या फेरीवाल्यांकडे येते. तुम्ही लिहिलेली दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे तर आहेच, पण माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे, ती दोन्ही वेगवेगळी घेतली तरी खोटी आहेत. 2014 च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे आधी सर्व्हे, मग सर्टिफिकेट, मग जागा, आणि वॉर्डाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्यायचंय, त्यामुळे "एकही दिसणार नाही" हे कुठलीही नगरसेविका करूच शकत नाही. दुसरीकडे 2017 च्या नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टाने सांगितलंय की रेल्वे स्टेशनपासून 150 मीटर आणि शाळा, हॉस्पिटल, देवळं-मशिदींपासून 100 मीटरच्या आत फेरीवाले बसवता येणार नाहीत. त्याच्या महिनाभर आधीच, 29 सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली होती, त्यामुळे स्टेशनच्या तोंडावरच्या गर्दीबद्दल लोक किती हळवे आहेत ते सांगायला नकोच. म्हणजे "कुणालाही हात लावू देणार नाही" हेही बाईंच्या हातात नाही. माझ्या बघण्यात नेहमी हेच येतं, दोन्ही डगरींवर हात ठेवायला निघालेला माणूस शेवटी दोन्हीकडे जे होऊच शकत नाही तेच कबूल करून बसतो.

म्हणून भाषण लिहायच्या आधी बाईंना समोर बसवा आणि विचारा, तुम्ही खरंच काय करणार आहात? समजा उत्तर असं आलं की स्टेशनलगतचा पट्टा मोकळा ठेवायला लावणार, बाकी वॉर्डात आखलेल्या जागा, सर्टिफिकेट असलेल्याला तिथून कुणी उठवणार नाही, आणि चालायला वाट राहिलीच पाहिजे. झालं, ही बाईंची भूमिका. आता ही एकच भूमिका तीन ठिकाणी कशी बोलायची ते बघू.

टॉवरमध्ये साधारण असं लिहा: "तुम्ही सकाळी स्टेशनला निघता तेव्हा फुटपाथ सोडून रिक्षांच्या मधून वाट काढावी लागते, सोबत म्हातारी आई असेल तर तुमचा जीव टांगणीला लागतो, मी त्या रस्त्याने रोज जाते. स्टेशनपासून दीडशे मीटर मोकळे राहिले पाहिजेत हा हायकोर्टाचा आदेश आहे आणि तो पाळला जातोय की नाही हे मी दर आठवड्याला वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारणार. पण फेरीवाले आपल्या वॉर्डातून जाणार नाहीत. कायदा त्यांना जागा देतो आणि त्यातली एखादी जागा तुमच्या गेटच्या पुढच्या गल्लीतही येऊ शकते. ती आली तर मी ती रद्द करायला धावणार नाही. भाजी आपण सगळे त्यांच्याकडूनच घेतो." शेवटच्या तीन-चार वाक्यांना टाळ्या पडणार नाहीत, कुणीतरी उठून प्रश्न विचारेल, विचारू द्या, मीटिंग तिथेच खरी सुरू होते.

स्टेशन रोडला सुरुवात गाडी उचलून नेण्यापासून करा, कारण त्यांचा दिवस त्या भीतीत जातो. गाडी गेली की दंड वेगळा, माल सडतो तो वेगळा आणि त्या दिवसाची कमाई गेली ती वेगळी, शिवाय पालिकेची गाडी येणार आहे हे सांगायचे पैसे घेणारा कुणीतरी असतोच. मग लिहा: "दीडशे मीटरच्या आत जे बसतात त्यांना मी तिथेच ठेवीन असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. ती जागा जाणार. पण सर्व्हे झाल्याशिवाय आणि दुसरी जागा दाखवल्याशिवाय कुणाला उठवलं तर मी तिथे उभी राहीन, आणि कायद्याने जी शहर फेरीवाला समिती असते तिच्यात किमान चाळीस टक्के माणसं तुमच्यातून निवडून आलेली असायला पाहिजेत, ती यावीत म्हणून मी मागे लागेन. तुमच्याकडून मला एक पाहिजे, माणसाला चालायला वाट सोडायची, दुकानाची फळी पुढे सरकवायची नाही." काही जण चिडतील. पण ज्याला आज चिडायची संधी दिली तो उद्या फसवलं म्हणणार नाही.

टेकडीवर बोलायचं ते पाण्यावरच. अख्ख्या मुंबईला लागणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा भांडुपच्याच जलशुद्धीकरण केंद्रात स्वच्छ होऊन पुढे जातो आणि त्याच भांडुपच्या टेकडीवर प्रेशर नाही म्हणून बायका हंडे घेऊन खाली उतरतात, एवढं एक वाक्य नीट सांगितलं तरी लोक ऐकतात, त्याला मीठमसाला लागत नाही. पंपिंग कुठे पाहिजे, लाइन कुठे फुटलीय, कुठल्या गल्लीत किती मिनिटं पाणी येतं, हे तिथल्या बायकांना विचारून लिहा, गल्लीचं नाव घेऊन बोला. फेरीवाल्यांचा विषय मात्र तिथे गाळू नका. तिथे राहणारी कितीतरी माणसं खाली स्टेशनला गाडी लावतात आणि टेकडीवर गप्प बसून टॉवरमध्ये दीडशे मीटरचं बोललात तर ती गप्प बसण्यातली चलाखी त्यांना बरोब्बर कळते. चार वाक्यं पुरेत पण तीच चार.

तुमच्या सीनियरना लोकांच्या लक्षात राहत नाही असं वाटतं, त्यांना एक सांगा. व्हिडिओ नसते तरी टॉवरमधली गोष्ट रात्रीपर्यंत टेकडीवर गेलीच असती. क्लबहाउसमध्ये खुर्च्या मांडणारा मुलगा टेकडीवर राहतो, गेटवरचा वॉचमन तिथेच भाड्याने राहतो, मीटिंगमधल्या निम्म्या घरांत भांडी घासायला येणाऱ्या बायका तिथूनच खाली उतरतात. मुंबईत श्रोते असे वेगवेगळ्या डब्यांत बंद नसतातच हो. म्हणून भाषण लिहून झालं की वाचताना अशी कल्पना करा की दुसऱ्या गटातला एक माणूस पहिल्या रांगेत येऊन बसलाय. त्याच्यासमोर बाईंना एखादं वाक्य गिळावं लागत असेल तर ते वाक्य काढा. आणि ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांना न आवडणारं एकही वाक्य अख्ख्या भाषणात सापडलं नाही तर कागद परत घ्या, काहीतरी लपवलं गेलंय.

राहता राहिले ते दोन व्हिडिओ. "माझं बोलणं तोडूनमोडून दाखवलं" हे म्हणायचं नाही, कारण तसं झालेलं नाही. बाईंनी दोन्ही ठिकाणी परत जायचं, आधी टॉवरमध्ये, आणि म्हणायचं की त्या दिवशी मी जे बोलले ते मला करता येणार नाही, मी काय करू शकते ते आज सांगायला आलेय. दोन्हीकडे त्याचा व्हिडिओ स्वतःच काढायला लावायचा आणि त्याच ग्रुपवर टाकायचा. मतं जातील थोडी. ती त्या दोन वाक्यांनीच गेलीत.

प्रश्न: नमस्कार ताई. आमच्या उमेदवाराला छटपूजेच्या स्टेजवर दोन शब्द बोलायला बोलावलंय. एक जण म्हणतो गळ्यात गमछा घाला आणि भोजपुरीच्या चार ओळी पाठ करा, पब्लिक वेडं होईल. पण आमची शाखेतली मुलं म्हणतात की साहेब मराठी सोडून बोलले तर आम्ही पोस्टर लावणार नाही. साहेबांना हिंदी चांगलं येतं, भोजपुरी शून्य. काय करावं?
— कांदिवलीहून

उत्तर: हिंदीत बोलू द्या, सरळ. ज्यांच्याशी बोलायचंय त्यांना कळावं म्हणून त्यांच्या भाषेत बोलणं यात कुणापुढे झुकणं नाही. जॉर्ज फर्नांडिस मंगळुरूहून मुंबईत आले, टॅक्सीवाल्यांची, पालिका कामगारांची संघटना बांधली, ज्या कामगाराशी जी भाषा चालेल ती बोलले आणि 1967 ला दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या बड्या नेत्याला हरवलं. त्यांच्या अनेक भाषा लोकांना आवडल्या कारण त्या भाषांत ते पगार, ड्युटी आणि संप याबद्दल बोलायचे. पाठ केलेल्या चार ओळींनी दोन मिनिटं शिट्ट्या मिळतील, पण मग पाचवी ओळ काय? त्या लोकांचे खरे प्रश्न, म्हणजे घाटावर बायकांना कपडे बदलायला आडोसा, लाइट, रात्री परतायला बस, हे तुम्ही विचारलेत का? नसतील विचारले तर गमछा घालून उपयोग नाही, आणि विचारले असतील तर गमछ्याची गरज नाही. यजमानांनी मानाने घातला तर घ्या गळ्यात, तो पाहुणचार झाला.

आता अवघड भाग. साहेबांना जर खरंच वाटत असेल की महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी, आणि मलाही तसंच वाटतं, तर ते त्याच स्टेजवर हिंदीतून सांगावं. धमकी नको, उपकाराची भाषा नको, मुलांना पालिकेच्या शाळेत मराठी चांगलं शिकवलं जावं यासाठी मी काय करणार आणि मोठ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग कुठे सुरू करणार ते सांगा. नंतर शाखेत येऊन मुलांना सांगा की मी तिथे हिंदीत बोललो, पुढेही बोलेन, आणि मराठीबद्दल काय बोललो तेही ऐका. पोस्टर लावणाऱ्या मुलांसमोर हे बोलायला स्टेजपेक्षा जास्त धीर लागतो. आपल्याच माणसांना खूश ठेवण्यासाठी सोयीचं बोलणं हाही लोकानुनयच आहे आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

एक कायद्याचं. समाजाच्या अडचणींबद्दल बोला, पण समाजाच्या, धर्माच्या, जातीच्या, भाषेच्या नावाने मत मागू नका. सांताक्रूझच्या 1990 च्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेली केस सुप्रीम कोर्टात 2017 पर्यंत चालली आणि सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की उमेदवाराचा असो की मतदाराचा, धर्म-जात-भाषेच्या नावाने मत मागणं हे भ्रष्ट आचरणच. तो निकाल लोकसभा-विधानसभेच्या कायद्यावरचा आहे, पालिकेची निवडणूक 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याखाली होते, तेव्हा तिथलं कलम वकिलाकडून वाचून घ्या.

प्रश्न: हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात उमेदवार बाईंनी पाच मिनिटं काय बोलावं? सगळेच "माता-भगिनींनो" करून शिवाजी महाराज आणि जिजाऊंवर येतात आणि वाण वाटून मोकळे होतात.
— डोंबिवलीत राहते, काम परळला

उत्तर: किमतींवर बोला. 1972 ला मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर बायकांनी महागाईविरुद्ध मोर्चे काढले तेव्हा हातात लाटणी आणि थाळ्या होत्या, आणि बोलणं धान्याचं, तेलाचं, रॉकेलचं. तुमचं माहात्म्य केवढं मोठं असं सांगत बसण्यापेक्षा त्यांनी घरातल्या बाईला हिशोब मागायला रस्त्यावर बोलावलं, आणि गोरेगावच्या पाण्यासाठी भांडून मृणालताई 'पाणीवाली बाई' झाल्या त्याही अशाच. पाच मिनिटांतली दोन मिनिटं बोला, तीन मिनिटं विचारा: दवाखान्यात औषध मिळतं का, पालिकेच्या शाळेतल्या बाथरूमला दरवाजा आहे का. उत्तरं लिहून घ्यायला एक मुलगी वही घेऊन बसवा.

प्रश्न: मावशी, मी पहिल्यांदाच उभी राहतेय, लालबागची आहे. पुढच्या आठवड्यात गिरणी कामगार आणि वारसांचा मेळावा आहे. माझे बाबाही गिरणीतले. माझ्या आधी बोलणारे सगळे "प्रत्येकाला मुंबईतच घर, ते पण लवकर" असं सांगणार हे मला माहितीय. मला माहितीय की हे माझ्या हातात नाही. पण खरं बोलले तर म्हातारी माणसं निराश होतील, आणि मतं तर जातीलच. आणि 82 च्या संपाबद्दल बोलू ना? लोक हमखास भावुक होतात.
— नाव छापू नका

उत्तर: तुझं पत्र वाचून बरं वाटलं, कारण हातात काय आहे आणि काय नाही याचा विचार तू आधीच केलायस. आपल्याकडे निम्मी खोटी आश्वासनं इथेच जन्माला येतात, नगरसेवक व्हायला निघालेला माणूस लोकलच्या फेऱ्या वाढवतो, पोलीस चौकी आणतो, एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची, बिल्डिंग उभी करतो. लोकल रेल्वेची, पोलीस आणि घरं बांधणारी म्हाडा आणि एसआरए राज्याचे. नगरसेविकेकडे रस्ते, गटारं, पाणी, कचरा, पालिकेच्या शाळा आणि दवाखाने. तेवढं केलं तरी पाच वर्षं पुरत नाहीत.

घरांचं सांगायचं तर समोर बसलेल्यांना ती सगळी कहाणी तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले होते, पालिका, म्हाडा आणि मालक. 2001 ला नियम बदलला आणि वाटे फक्त मोकळ्या जागेचे राहिले, त्यामुळे लोकांच्या वाट्याची जमीन आक्रसली, आणि 2006 ला सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. म्हाडाची गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत निघाली 2012 ला. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात आणि घरं त्या मानाने फारच थोडी. ज्या माणसाने एवढी वर्षं कागद सांभाळले त्याच्या कोपराला पुन्हा एकदा गूळ लावायचा, हे मला सहन होत नाही. निराश होतील म्हणतेस, अगं ते निराश कधीचेच आहेत, त्यांना आता फक्त अजून एक जण नकोय.

म्हणून पहिल्या दोन मिनिटांत बोलून टाक, "घर देणं नगरसेविकेच्या हातात नाही, मी ते देईन असं सांगणार नाही." मग तू काय करशील ते. अर्ज, छाननी, वारसाचे दाखले यात अडकलेल्यांसाठी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी टेबल लावून बसणं तुझ्या हातात आहे. पालिका दवाखान्यात म्हाताऱ्यांची रांग वेगळी करून घेणं आहे. ज्यांना घर लागलं आणि ताबा मिळाला नाही त्यांची यादी करून म्हाडाच्या दारात त्यांच्यासोबत जाणं आहे. सभागृहात ठराव मांडणं आहे, पण ठरावाने घर मिळत नाही हेही त्याच वाक्यात सांग.

आपल्या माणसांना कडू बोलताना काय लागतं ते महाडला दिसतं. मार्च 1927 मध्ये बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या आपल्याच लोकांना सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्या तुकड्यांवर जगणं सोडा, शेती धरा. ज्यांच्यासाठी लढायचं त्यांनाच हे ऐकवलं, आणि तीच माणसं दुसऱ्या दिवशी त्यांच्यामागून चवदार तळ्यावर गेली. पुढे 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत, म्हणजे देशातल्या मोठमोठ्या नेत्यांसमोर, इंग्रजीत, त्यांनी बजावलं की राजकारणातली विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते. सभा वेगळी, भाषा वेगळी, पण समोरच्याला जे ऐकायचं नाही तेच दोन्हीकडे सांगितलं, आणि सांगताना समोरचा ते पेलू शकतो एवढा विश्वास त्याच्यावर ठेवला.

82 च्या संपाबद्दल विचारलंस. नको बोलूस. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले जे आज हयात आहेत ते तुझ्यासमोर खुर्चीवर बसलेले असणार, त्यांना त्यांचंच दुःख माइकवरून ऐकवून डोळ्यांत पाणी आणायचं आणि त्यावर मत मागायचं, हे तुला शोभणार नाही. बाबा कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात होते एवढं एकदा सांग, ओळख म्हणून ते पुरेसं आहे, कारण खातं सांगितलं की समोरचा म्हातारा लगेच विचारेल कुठल्या पाळीत होते. सभेनंतर तो तुला गाठेल तेव्हा घाई करू नकोस, त्याच्या अर्जाचा नंबर आणि फोन नंबर दोन्ही लिहून घे, आणि टेबल कुठल्या वारी लागणार आहे ते त्याला तिथेच सांग.